चुना, तेल आणि तांबे : पश्चिम किनाऱ्यावरील गलबतांच्या तळरक्षणाचा इतिहास

प्रस्तावना :

मराठ्यांच्या आरमारावर आणि मुंबईच्या गोदीवर मराठीत व इंग्रजीत बरेच लेखन झाले आहे. या लेखनाचे स्वरूप पाहिले असता एक गोष्ट जाणवते. त्यात गलबत कोणी बांधले, किती खंडी वजनाचे होते, त्यावर किती तोफा होत्या आणि ते केव्हा पाण्यात लोटले याची चर्चा तपशिलाने येते. पाण्यात लोटल्यानंतर ते वीस-पंचवीस वर्षे तरंगत राहिले कसे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः समुद्रात उतरलेले लाकडी गलबत त्याच दिवसापासून नष्ट होऊ लागते. ते टिकविण्यासाठी दर हंगामात कोणाला तरी त्याचा तळ खरवडावा, सांधावा आणि लिंपावा लागतो. आरमाराचे बळ बांधलेल्या गलबतांच्या संख्येवर जितके अवलंबून असते, तितकेच ते या लिंपणावर अवलंबून असते. प्रस्तुत निबंधात तळाला लावल्या जाणाऱ्या संरक्षक लेपांचा इतिहास पश्चिम किनाऱ्याच्या अनुषंगाने पाहिला आहे. हा लेप कोण लावीत असे आणि त्याचे साहित्य कोठून येत असे, हे दोन प्रश्न त्यात मुख्य मानले आहेत.

लाकडाचा शत्रू :

समुद्रात लाकडाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ज्याला इंग्रजीत ‘शिपवर्म’ म्हणतात तो जीव. नाव किड्याचे असले तरी तो किडा नव्हे. शिंपल्याच्या कुळातील तो मृदुकाय प्राणी आहे, ही गोष्ट गॉटफ्रीड सेलियस याने १७३३ मध्ये सप्रमाण मांडली. त्याआधी दोन वर्षे, १७३१ मध्ये, नेदरलँड्समधील समुद्रबांधांचे लाकडी आधार या प्राण्याने पोखरल्याचे उघडकीस आले होते आणि सारा देश हादरला होता. लिनीयसने १७५८ मध्ये त्याला ‘टेरेडो नेव्हॅलिस’ हे नाव दिले.

या प्राण्याची रीत मोठी कपटी आहे. त्याची अळी टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून लाकडात शिरते, आतल्या आत वाढते आणि पुढच्या दोन छोट्या शिंपल्यांचा कानशीसारखा उपयोग करून लाकडाच्या रेषेने बोगदा कोरीत जाते. बाहेरून फळी धडधाकट दिसते, आतून तिची चाळण झालेली असते. कोलंबसाच्या चौथ्या सफरीतील गलबते अशीच पोखरली गेली आणि त्याला १५०३-०४ मध्ये जमैकाच्या किनाऱ्यावर वर्षभर अडकून पडावे लागले. सागवानाला वाळवी सहसा लागत नाही, त्यातील तेलामुळे लोखंडी खिळेही ओकच्या मानाने कमी गंजतात. परंतु उष्ण कटिबंधातील समुद्रात सागवानही या प्राण्यापासून पूर्णपणे सुरक्षित नसते. याखेरीज शेवाळ, कालवे आणि बार्नॅकल यांचा थर तळावर चढतो तो वेगळाच. तो लाकूड खात नाही, पण गलबताची गती खातो.

या जीवाला एक मर्यादा आहे. त्याला खारे पाणी लागते. पाणी गोडे होऊ लागले की तो शेपटीकडील दोन झडपांनी आपले बीळ बंद करून घेतो आणि काही आठवडे तग धरतो. त्यापुढे मात्र टिकत नाही. कोकणातील खाड्यांना पावसाळ्यात सह्याद्रीवरून उतरणाऱ्या पाण्याचे लोट मिळतात आणि त्या बऱ्याच अंशी गोड्या होतात, ही बाब येथे महत्त्वाची ठरते.

चुना, तेल आणि ओहोटीचा अवधी :

हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर तळरक्षणाचे उपाय जुने आहेत आणि त्यांत एक आश्चर्यकारक सातत्य आढळते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने हुर्मुझची गलबते पाहिली. ती काथ्याच्या दोरीने शिवलेली होती आणि त्यांना डांबराऐवजी माशांचे तेल चोपडलेले होते. चिनी जहाजांविषयी तो सांगतो की, चुना आणि बारीक कापलेला ताग एका झाडाच्या तेलात कुटून ते मिश्रण फळ्यांना लावीत. शिवाय जहाज जुने होऊ लागले म्हणजे फळ्यांचा आणखी एक थर त्यावर चढवीत. १७५०च्या सुमारास मुंबईस आलेल्या जॉन हेन्री ग्रोस या इंग्रजाने आपल्या १७५७च्या ग्रंथात सुरतेच्या जहाजबांधणीची प्रशंसा केली आहे. तेथील कारागीर फळ्या एकमेकींत खाच पाडून बसवीत आणि तळाला वेळोवेळी एक लाकूडतेल चोळीत. ते फळ्या शोषून घेत, असे त्याचे निरीक्षण आहे.

सर्वांत सार्वत्रिक लेप होता तो चुना आणि चरबी किंवा तेल यांचा. कोकणात शिंपले भाजून चुना काढणे हा किनाऱ्यावरचा नेहमीचा उद्योग होता आणि माशांचे तेल घरोघर निघे. सुपारीइतकाच चुनाही ज्या प्रदेशात रोजच्या वापरातला, तेथे लेपाचे साहित्य आणण्यासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नव्हते.

या मिश्रणाचे रसायन समजून घेण्याजोगे आहे. चुना आणि स्निग्ध पदार्थ यांचा संयोग झाला की कॅल्शियमचा साबण तयार होतो. अंगाला लावावयाचा सोडियमचा साबण पाण्यात विरघळतो. कॅल्शियमचा विरघळत नाही. म्हणून तळावर एक चिवट, पांढरा, पाणी दूर ठेवणारा थर बसतो. अळीला लाकडापर्यंत पोहोचण्यापूर्वी तो थर ओलांडावा लागतो. तो हळूहळू झिजतो आणि झिजताना वर चिकटलेले जीवही काही प्रमाणात सोडून देतो. त्याचे आयुष्य थोडे, काही महिन्यांचे. यालाच आधुनिक लेखक या लेपाचा दोष मानतात. परंतु जो लेप स्वस्त आहे, गावात मिळतो आणि खलाशांना स्वतः लावता येतो, त्याचे अल्पायुष्य हा फारसा दोष ठरत नाही.

हे काम कसे होई याचे उत्तम वर्णन ॲलन व्हिलियर्स याने केले आहे. १९३८-३९ मध्ये तो कुवेतच्या एका व्यापारी गलबतावर खलाशांबरोबर राहिला आणि १९४०च्या आपल्या पुस्तकात त्याने तो अनुभव मांडला. ती गलबते मलबारच्या सागवानाची असत. ओहोटीला गलबत वाळूवर बसवावयाचे, तळ खरवडावयाचा, आणि भरतीचे पाणी परत येण्यापूर्वी सर्व खलाशांनी मिळून चुना व चरबीचा लेप उघड्या हातांनी थापावयाचा, अशी ती पद्धत होती. त्यासाठी गोदी लागत नाही. सपाट किनारा, उधाणाची तिथी आणि माणसांचे हात लागतात. उधाणाच्या दिवसांत पाणी खूप आत येते आणि खूप दूर जाते, म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस या कामाला सोयीचे. भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीतले अंतर कमी असल्याने मोठे गलबत पुरते उघडे पडत नाही. मुंबई बंदरात उधाणाला पाण्याची पातळी सुमारे ४ मीटर व कधी त्याहून अधिक चढते-उतरते. हा फरक पुढे गोदीच्या कामी आला, तो त्याआधी कोळ्यांच्या व भंडाऱ्यांच्या उपयोगी पडत होता.

पावसाळ्याचा कायदा :

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (इ.स. १७१५च्या सुमारास) आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा उल्लेख बहुधा दोन कारणांनी केला जातो : समुद्रावर सत्ता असणे म्हणजे राज्याचे एक स्वतंत्र अंग होय हा विचार, आणि रयतेची आंब्या-फणसाची झाडे तिच्या संमतीविना तोडू नयेत ही सूचना. त्याच प्रकरणात पावसाळी छावणीबद्दल जे नियम आहेत, त्यांच्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. पाऊस सुरू होण्यापूर्वी आरमार छावणीस न्यावे, दरवर्षी एकाच बंदरात छावणी करू नये, ज्या खाडीच्या तोंडाशी किल्ल्याचे संरक्षण आहे अशी जागा पाहावी, पहारा ठेवावा, असा त्यांचा आशय आहे. बंदर बदलण्याचे कारण प्रशासकीय आहे : आरमारी शिपाई उद्धट असतात, एकाच गावावर दरवर्षी त्यांचा जाच पडू नये.

या नियमांचा तांत्रिक परिणाम त्यांच्या हेतूहून व्यापक होता, असे म्हणण्यास जागा आहे. जी गलबते जमिनीवर ओढली गेली त्यांचा तळ कोरडा झाला. जी खाडीत राहिली ती तीन-चार महिने गोड्या किंवा निमखाऱ्या पाण्यात राहिली, आणि हा अवधी लाकूड पोखरणाऱ्या जीवाच्या सहनशक्तीच्या पलीकडचा आहे. झावळ्यांच्या झापांनी शाकारलेल्या गलबतावर नारळी पौर्णिमेपूर्वी दरजा भरणे, तेल पाजणे आणि तळ लिंपणे ही कामे उरकत. समुद्र बंद असण्याची सक्ती हाच दुरुस्तीचा हंगाम झाला. विजयदुर्गापासून खाडीने आत गिर्ये येथे खडकात खोदलेली मराठ्यांची गोदी आजही पाहावयास मिळते. भरतीला गलबत आत घ्यावे आणि ओहोटीनंतर त्यावर काम करावे, या हिशेबाने केलेले ते बांधकाम आहे. वाळवंटावरील जुनीच पद्धत तेथे दगडात स्थिर केलेली दिसते.

यातून मराठी आरमाराच्या स्वरूपाविषयी एक प्रश्न उभा राहतो. आंग्र्यांच्या गुराबा व गलबते किनाऱ्यापासून फार दूर जात नसत, हे त्यांच्या मर्यादेचे लक्षण म्हणून सांगितले जाते. मोठ्या तोफांच्या जहाजांशी खुल्या समुद्रात झुंजण्याची त्यांची क्षमता नव्हती हे खरेच. परंतु सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, कुलाबा अशा ठाण्यांच्या साखळीत हिंडणाऱ्या हलक्या गलबताला दर काही आठवड्यांनी किनाऱ्यावर बसता येत होते. त्याचा तळ स्वच्छ, म्हणून गतीही चांगली. याउलट युरोपातून आलेले जहाज महिनोन् महिने पाण्यात राही आणि त्याच्या तळावर शेवाळाची दाढी वाढे. हलक्या, उथळ गलबतांच्या चपळाईचे श्रेय केवळ बांधणीला देणे अपुरे आहे.

तांब्याचे पत्रे :

जे जहाज वारंवार किनाऱ्यावर बसविता येत नाही, त्याला टिकाऊ कवच हवे. भूमध्य समुद्रात इसवी सनापूर्वीच शिशाचा पत्रा वापरात होता. सतराव्या शतकात इंग्रजांनी तो पुन्हा आजमावला आणि सुकाणूचे लोखंडी भाग गंजतात असे पाहून सोडून दिला. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे मढवून तिला वेस्ट इंडीजला धाडले. ती परत आली तेव्हा तळ स्वच्छ होता, कीड लागलेली नव्हती. पण पत्र्याखालचे लोखंडी खिळे खाऊन गेले होते. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले म्हणजे त्यांतील एक क्षय पावतो, हे कोडे तेव्हा उलगडलेले नव्हते. तरीही अमेरिकन युद्धाच्या निकडीत, १७७९ ते १७८१ या काळात, चार्ल्स मिडल्टनच्या आग्रहाने बहुतेक ब्रिटिश युद्धनौका तांब्याने मढविल्या गेल्या. जानेवारी १७८० मध्ये रॉडनीने स्पॅनिश आरमाराला पाठलाग करून गाठले, त्यात या स्वच्छ तळांचा मोठा वाटा होता. पुढे लोखंडाऐवजी तांब्याच्या मिश्रधातूचे खिळे आले आणि हा उपाय स्थिर झाला.

मुंबईच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ निराळा होता. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले तेव्हापासून येथील गोदीचे मोठेपण सागवान, कारागिरी आणि भरती-ओहोटी या तीन स्थानिक गोष्टींवर उभे होते. तांबे चौथे, आणि ते स्थानिक नव्हते. ब्रिटनमधील खाणींचे तांबे हिंदुस्थानात आणून विकणे हा ईस्ट इंडिया कंपनीचा एक मोठा व्यापारच होता. या परावलंबनाचे एक बोलके उदाहरण १८१२ मधील आहे. मुंबईत ‘कॉर्नवॉलिस’ ही ७४ तोफांची युद्धनौका वाडियांच्या देखरेखीखाली बांधली जात होती. तिच्या तळासाठी तांबे घेऊन ‘जावा’ ही ब्रिटिश युद्धनौका मुंबईकडे निघाली असता २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने तिला हरविले आणि मग जाळून टाकले. सह्याद्रीतल्या आणि मलबारातल्या सागवानाच्या जहाजाचे कवच असे अटलांटिकच्या तळाशी गेले. ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ मध्ये पाण्यात लोटली गेली; पण चुना-तेलाच्या युगात अशी अडचण उद्भवण्याचे कारणच नव्हते.

तांब्याने मढविलेल्या तळावर खलाशाला काही करता येत नाही. पत्रा सुटला तर गोदी, ताम्रकार आणि पत्रा तिन्ही हवे. तळाची देखभाल अशा रीतीने किनाऱ्यावरून गोदीत आणि खलाशांच्या हातून कंपनीच्या हाती गेली. मुंबईची गोदी आशियात अजोड ठरली याचे कारण केवळ तेथे उत्तम जहाजे बांधली जात हे नव्हे. मोठे जहाज कोरडे करून त्याचा तळ पाहता येईल अशी जागा तिच्याबाहेर क्वचितच होती. वाडियांपैकी मुख्य बांधकाऱ्यांची नावे पिढीनिहाय उपलब्ध आहेत, आणि ते योग्यच आहे. ज्या गाबीत, भंडारी, कोळी, खारवी माणसांनी शतकानुशतके तळ लिंपले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव या कामासाठी इतिहासात आलेले नाही.

डेव्हींचा प्रयोग व त्याची निष्पत्ती :

तांबेही अमर नव्हते. समुद्राचे पाणी ते झिजवी. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी यावर उपाय सुचविला. तांब्याला जस्ताचा किंवा बिडाचा लहानसा तुकडा जोडला, तर क्षय त्या तुकड्याचा होतो आणि तांबे सुरक्षित राहते. तांब्याच्या पृष्ठाच्या चाळिसाव्या ते दीडशेव्या हिश्शाइतका धातू पुरतो, असे त्यांनी दाखविले. प्रत्यक्ष परीक्षेसाठी निवडलेल्या नौकांत ‘समरांग’ होती. ती कोचीन येथे सागवानात बांधलेली आणि हिंदुस्थानातच तांब्याने मढविलेली होती. सिद्धान्त पूर्ण खरा ठरला आणि योजना पूर्ण फसली. तांबे झिजेनासे झाले. परंतु तांबे पाण्यात थोडे थोडे विरघळत होते म्हणूनच त्यावर जीव चिकटत नव्हते. झीज थांबताच तळावर शेवाळ आणि बार्नॅकल दाटले. नौदलाला काही वर्षांतच ते तुकडे काढून टाकावे लागले. संरक्षण करणारी वस्तू स्वतः क्षय पावते म्हणूनच संरक्षण करते, हे तत्त्व या अपयशातून प्रथम स्पष्ट झाले. डेव्हींची विद्युत्-रासायनिक कल्पना मात्र वाया गेली नाही. पोलादी जहाजांना आज जस्ताचे तुकडे लावतात ते त्याच तत्त्वावर.

१८३२ मध्ये मुंट्झ याने ६० टक्के तांबे व ४० टक्के जस्त असलेला स्वस्त पत्रा काढला. पाठोपाठ लोखंडी जहाजे आली आणि त्यांना तांबे मढविणे अशक्य झाले, कारण तांब्याच्या संगतीत लोखंडच क्षय पावते. तेव्हा रंग पुढे आला. १८६०च्या सुमारास लिव्हरपूल येथे निघालेल्या अशा पहिल्या यशस्वी लेपांपैकी एकात धातूचा साबण आणि मोरचूद होता. हा तपशील लक्षणीय आहे. धातूचा साबण म्हणजे कोकणच्या चुना-चरबीच्या लेपाचाच सगोत्र. त्यात विष तेवढे नव्याने मिसळले गेले.

विसाव्या शतकात हे विष तीव्र होत गेले. १९६०च्या दशकापासून ट्रायब्युटिल टिन या संयुगाचे लेप प्रचारात आले आणि १९७०च्या दशकात स्वतःहून झिजत जाणारे लेप निघाले. ते इतके प्रभावी होते की जहाज अनेक वर्षे गोदीत आणावे लागत नसे. किंमत इतरांनी मोजली. फ्रान्समधील आर्काशाँच्या उपसागरातील कालवांची शेती १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोसळली. समुद्री गोगलगायींच्या माद्यांमध्ये नराची इंद्रिये वाढू लागली. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी भारतीय किनाऱ्यावरही असा दोष नोंदविला. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान नौकांवर या लेपास बंदी घातली. आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून अमलात आला. ज्या कोळ्याच्या पूर्वजांनी खाडीत चुना धुऊ दिला होता, त्याच्याच जाळ्यात मोठ्या जहाजांच्या तळावरचे हे विष येऊ लागले होते.

पुन्हा मालकाच्या हाती :

पश्चिम किनाऱ्यावरील लाकडी होड्यांना काजूच्या टरफलाचे तेल व माशांचे तेल पाजण्याची रीत विसाव्या शतकातही चालू राहिली. फायबरग्लासच्या होड्या आल्यावर तिचा संकोच झाला, कारण फायबरग्लासला कीड लागत नाही. परंतु उन्हाने त्याचा वरचा चकचकीत थर खडूसारखा भुरभुरीत होतो आणि पाण्याखाली शेवाळ-बार्नॅकल चढतातच. अलीकडे सिलिकायुक्त ‘सिरॅमिक’ लेप निघाले आहेत आणि हौशी नौकांचे मालक ते स्वतः लावतात. हे लेप मुख्यतः पाणरेषेच्या वरच्या भागासाठी असतात. ते ऊन, मीठ आणि मळ यांपासून पृष्ठाचे रक्षण करतात. शेवाळरोधक विषाची जागा घेत नाहीत. लेपाखालचा पृष्ठभाग आधी धुऊन, घासून, चकाकी आणून पूर्ण कोरडा केला नसेल, तर मळ आणि ओरखडे लेपाखाली कायमचे बंद होतात. लेप लावण्यापेक्षा खरवडण्याला अधिक वेळ लागतो, हे किनाऱ्यावरील कोणत्याही तांडेलाला सांगावे लागले नसते.

जुन्या ज्ञानाची एक प्रत्यक्ष परीक्षा नुकतीच झाली आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रातील जहाजावरून केरळच्या कारागिरांनी गोव्यात एक शिवलेले जहाज बांधले. फळ्या काथ्याने शिवल्या, दरजा नारळाच्या तंतूंनी आणि राळेने भरल्या. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ते भारतीय नौदलात दाखल झाले. चित्रावरून डोलकाठ्या आणि नाळ यांचा आकार काढता आला. दोरी किती ताणावी, राळ किती पातळ ठेवावी हे मात्र चित्रात नव्हते. ते कारागिरांच्या हातांत होते. मराठ्यांच्या आरमारी सुभ्याचे हिशेब वाचताना तोफा आणि दारूगोळा यांच्याबरोबर तेल, चुना, काथ्या आणि राळ यांच्या रकमाही मांडून पाहणे, आणि ज्यांच्या घरात तळ लिंपण्याची आठवण अजून शिल्लक आहे अशा वृद्ध तांडेलांकडून ती नोंदवून घेणे, ही दोन कामे किनारपट्टीवरील महाविद्यालयांच्या इतिहास व रसायनशास्त्र विभागांना एकत्र येऊन करता येतील. त्यांतील दुसरे काम फार काळ थांबणारे नाही.